मुलाच्या वृषणांची वाढ आणि संप्रेरकं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मिसरूड फुटली, आवाज घोगरा झाला, की घरच्यांच्या लक्षात येतं की मुलगा वयात येतोय. प्रत्यक्षात सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असते, आणि ती होते वृषणांच्या आकारात. ती खूण कपड्याआड असते, मुलगा आपणहून सांगत नाही, कोणी विचारतही नाही, म्हणून बहुतेक वेळा ती निसटते. मुलांच्या वाढीचा अभ्यास नव्याने सुरू करणारे विद्यार्थी, परिचारिका, जीवशास्त्राचे शिक्षक आणि मुलाचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले आईवडील, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकच आहे. मुलाचं वय आणि वृषणाचा आकार या दोन गोष्टी आधी पक्क्या करा, रक्तातल्या आकड्यांकडे त्यानंतर वळा. क्रम उलटा झाला की आकडे हमखास फसवतात.

पायरी १: वृषणातले दोन विभाग वेगळे ओळखा

वृषण बाहेरून एकच गोळा दिसतो, पण आत दोन स्वतंत्र कामं चालतात. पहिला विभाग म्हणजे शुक्रजनक नलिका, बारीक आणि वेटोळ्या. त्यांच्या भिंतीत सर्टोली पेशी असतात आणि या पेशींच्या आधाराने जननपेशी वाढतात, ज्यांचे पुढे शुक्राणू होतात. दुसरा विभाग म्हणजे नलिकांच्या मधल्या जागेतल्या लायडिग पेशी. त्यांचं काम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार करणं.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी या दोघांना दोन वेगळी संप्रेरकं पाठवते. एलएच जातं लायडिग पेशींकडे, एफएसएच जातं सर्टोली पेशींकडे. उलट दिशेनेही निरोप जातात. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की ते हायपोथॅलॅमस (पिट्यूटरीला हुकूम देणारा मेंदूचा भाग) आणि पिट्यूटरीला आवरतं आणि एलएच कमी होतं. यातला काही भाग टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर झाल्यावर घडतो. सर्टोली पेशी इन्हिबिन बी हे संप्रेरक सोडतात, ते एफएसएचला आवरतं.

वृषणाचा बहुतांश आकार नलिकांचा असतो, लायडिग पेशींचा वाटा थोडा. म्हणून आकार मुख्यतः नलिकांबद्दल सांगतो आणि टेस्टोस्टेरॉन लायडिग पेशींबद्दल. दोघांचं म्हणणं जुळत नसेल तर तिथेच निदानाचा धागा असतो. पुढे पायरी ६ मध्ये सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

पायरी २: जन्माआधीचा हिशेब समजून घ्या

गर्भात सुरुवातीला जननग्रंथी मुलाची आणि मुलीची सारखीच असते. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास तिला वृषणाच्या वाटेवर नेतं. हे जनुक १९९० मध्ये सापडलं. सर्टोली पेशी आधी तयार होतात आणि लगेच एएमएच हे संप्रेरक सोडू लागतात. त्यामुळे गर्भाशय आणि बीजवाहिन्या ज्यापासून झाल्या असत्या त्या नळ्या विरून जातात. आठव्या आठवड्याच्या आसपास लायडिग पेशी येतात आणि टेस्टोस्टेरॉन सुरू होतं, त्यातून पुरुष जननमार्ग घडतो. ही दोन वेगळी संप्रेरकं आहेत हे आल्फ्रेड जोस्त यांनी १९४० च्या दशकात सशांच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवलं. एएमएच तेव्हा हाती आलेलंही नव्हतं. मला हा प्रयोग शरीरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

सुरुवातीला लायडिग पेशींना उत्तेजन मिळतं ते वारेतून येणाऱ्या, एलएचसारखंच काम करणाऱ्या एचसीजी या संप्रेरकामुळे. बाळाची स्वतःची पिट्यूटरी नंतर कामाला लागते. म्हणूनच पिट्यूटरीत जन्मजात दोष असलेल्या मुलाचं लिंग व्यवस्थित घडलेलं असतं, पण आकाराने लहान राहू शकतं. घडण्याचा काळ एचसीजीने निभावून नेलेला असतो, पुढच्या वाढीला मात्र बाळाचं स्वतःचं एलएच लागतं.

वृषणं पोटात तयार होतात आणि दोन टप्प्यांत खाली उतरतात. पहिला टप्पा लायडिग पेशींच्याच आयएनएसएल३ या संप्रेरकावर चालतो, दुसऱ्याला टेस्टोस्टेरॉन लागतं आणि तो गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीच्या सुमारास होतो. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत साधारण २ ते ४ टक्के मुलांची एक किंवा दोन्ही वृषणं उतरलेली नसतात. वेळेआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त. यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर तशी आशा फारशी उरत नाही, आणि म्हणून शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी असं सांगितलं जातं. 'मोठा झाला की येईल खाली' म्हणून शाळेत जाईपर्यंत थांबणं मुलाचं नुकसान करतं. पोटातलं तापमान वृषणकोशापेक्षा जास्त असतं, आतल्या जननपेशी त्यात कमी होत जातात आणि पुढे गाठीचा धोकाही वाढतो.

पायरी ३: पहिले सहा महिने वाया घालवू नका

नव्याने शिकणाऱ्यांना बहुतेक वेळा माहीत नसलेला हा काळ. जन्मावेळी आईकडून आणि वारेकडून येणारी संप्रेरकं एकदम थांबतात, त्यांचा दाब उठतो आणि बाळाची पिट्यूटरी जोमाने एलएच आणि एफएसएच सोडू लागते. पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात टेस्टोस्टेरॉन इतकं चढतं की ते वयात येणाऱ्या मुलाच्या पातळीला पोचतं. सहाव्या महिन्यापर्यंत ते पुन्हा खाली येतं. याला मिनी-प्युबर्टी म्हणतात.

मग त्या बाळाला मिसरूड का फुटत नाही, शुक्राणू का तयार होत नाहीत? शुक्राणूंपुरतं उत्तर फार छान आहे. टेस्टोस्टेरॉनचा निरोप घेणारा ग्राहक तेव्हा सर्टोली पेशींमध्ये जवळजवळ नसतोच. टेस्टोस्टेरॉन शेजारीच भरपूर असतं, पण सर्टोली पेशींना ते जाणवत नाही. म्हणून त्या परिपक्व होत नाहीत, शांतपणे संख्येने वाढत राहतात आणि एएमएच भरपूर बनवत राहतात. याच काळात सुरुवातीच्या जननपेशींचं रूपांतर पुढच्या पिढ्यांसाठी राखीव राहणाऱ्या मूळ पेशींत होतं.

एका सर्टोली पेशीला ठरावीक मर्यादेपर्यंतच जननपेशी सांभाळता येतात, आणि वयात आल्यावर सर्टोली पेशींची संख्या वाढत नाही. म्हणजे मोठेपणी किती शुक्राणू तयार होऊ शकतील याची कमाल मर्यादा बऱ्याच अंशी बालपणात ठरते. वयात येण्याच्या काळाला आपण सगळं श्रेय देतो, पण पाया आधीच घातलेला असतो.

याचा व्यवहारातला उपयोग असा. नवजात मुलाचं लिंग फारच लहान असेल आणि वृषणंही उतरलेली नसतील, तर पहिल्या तीन महिन्यांत एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. या खिडकीत पिट्यूटरीचा दोष उघड दिसतो. ती बंद झाली की याच प्रश्नाचं सरळ उत्तर मिळायला वयात येण्याच्या काळापर्यंत थांबावं लागू शकतं.

पायरी ४: शांत वर्षांत योग्य प्रश्न विचारा

साधारण सहा महिन्यांपासून नऊ-दहा वर्षांपर्यंत एलएच आणि टेस्टोस्टेरॉन नगण्य असतं. पाच वर्षांच्या मुलाचा टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी आला म्हणून घाबरणं किंवा तो मुळात तपासायला पाठवणं, दोन्ही निरर्थक आहे. तेव्हा तो कमीच असायला हवा.

या वयात वृषण आहे का आणि चालतंय का, हे विचारायचं असेल तर एएमएच तपासा. सर्टोली पेशी ते सतत बनवत असतात. दोन्ही वृषणं हाताला लागत नसलेल्या मुलात एएमएच चांगलं असेल तर आत कुठेतरी वृषणाचा भाग नक्की आहे. लायडिग पेशींबद्दल विचारायचं असेल तर एचसीजीची इंजेक्शनं देऊन टेस्टोस्टेरॉन चढतं का ते पाहतात.

पायरी ५: सुरुवात कशी होते ते नीट बघा

हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक झटक्याझटक्याने सुटतं. दहा अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. तिची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि त्याबद्दल अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्या वर्षीच्या पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग रोझलिन यालो यांना होता, रक्तातली इतकी सूक्ष्म मात्रा मोजण्याच्या पद्धतीसाठी. आज आपण सहज मागवतो त्या संप्रेरकांच्या तपासण्यांचा उगम तिथे आहे.

झटके महत्त्वाचे का? दारावर थांबून थांबून थाप पडली तर घरातला माणूस उठून दार उघडतो. अखंड ठोकत राहिलं की तो कानावर हात ठेवतो. पिट्यूटरी तशीच वागते. जीएनआरएच तास-दीड तासाने येत राहिलं तर एलएच आणि एफएसएच सुटतं, सलग येत राहिलं तर काही काळाने ते बंद पडतं. खूप लवकर वयात येणाऱ्या मुलांना जीएनआरएचसारखंच, पण दीर्घकाळ टिकणारं औषध इंजेक्शनने देतात ते याच गुणामुळे. चालू करणाऱ्या संप्रेरकानेच गाडी थांबवता येते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

हे झटके बालपणभर दाबलेले असतात. त्यांना सोडवण्यात किसपेप्टिन या प्रथिनाचा मोठा हात आहे. त्याच्या ग्राहकात दोष असलेली मुलं वयातच येत नाहीत, हे २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. दाबून ठेवणाऱ्यांपैकी एमकेआरएन३ हे एक जनुक. त्यात बिघाड झाला तर मूल फार लवकर वयात येऊ शकतं, हे २०१३ मध्ये कळलं. वडिलांकडून आलेलीच प्रत काम करते, त्यामुळे हा दोष वडिलांकडून येतो.

सुरुवातीला झटके फक्त झोपेत येतात. रात्री एलएच चढतं, पहाटेपर्यंत टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि दुपारपर्यंत उतरतं. बाहेरून काहीच दिसत नसतं तेव्हा हे रात्रीचं काम महिनोन् महिने चाललेलं असतं. यातून एक नियम लिहून ठेवा: या वयातल्या मुलाचा नमुना सकाळी आठच्या सुमारास घ्या. संध्याकाळी घेतलेल्या रक्तावरून 'टेस्टोस्टेरॉन नाही' म्हणणं मुलावर अन्याय आहे.

आता वृषणात बघा. एफएसएचमुळे सर्टोली पेशी शेवटच्या वाढीला लागतात. दरम्यान त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचा ग्राहक आलेला असतो, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन चढताच त्या परिपक्व होतात, एकमेकींना घट्ट जोडल्या जातात आणि नलिकेतला आतला भाग रक्तापासून वेगळा होतो. एएमएच झपाट्याने घसरतं. वाढत्या टेस्टोस्टेरॉनबरोबर एएमएच पडणं हे सगळं सुरळीत असल्याचं चिन्ह आहे. नलिकांना पोकळी येते, जननपेशी भराभर विभागू लागतात आणि वृषण मोठं होतं. मूळ पेशीपासून शुक्राणूपर्यंतच्या प्रवासाला साधारण अडीच महिने लागतात. त्यासाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं.

पायरी ६: मोजा, मग रिपोर्ट वाचा

झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये एक साधं साधन मांडलं. दोऱ्यात ओवलेले १२ लंबगोल मणी, १ मिलीपासून २५ मिलीपर्यंत. एका हाताने मणी चाचपायचा, दुसऱ्या हाताने वृषण, आणि जुळणारा मणी शोधायचा. हात गरम हवेत, खोली उबदार हवी, नाहीतर वृषणं वर ओढली जातात. आधी मुलाला काय करणार आणि का, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगा, त्याची संमती घ्या, घरचं मोठं माणूस खोलीत असू द्या. अंगठा आणि तर्जनीने वृषण हळूच धरा, त्वचा थोडी ताणा आणि मागे चिकटलेला अधिवृषणाचा भाग मोजण्यातून वगळा. नवखे लोक तोच धरून मोजतात आणि आकार मोठा येतो. साधन नसेल तर सोनोग्राफीने मोजता येतं, पण तो आकडा मण्यांपेक्षा कमी येतो. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका.

४ मिली हा उंबरठा. तो ओलांडला की मुलगा वयात यायला लागला. हे सरासरी साडेअकराच्या आसपास घडतं, आणि ९ ते १४ वर्षांत कधीही घडलं तरी ते नेहमीचंच. प्रौढ आकार साधारण १५ ते २५ मिली. उंचीचा सर्वांत मोठा झेप घेणारा काळ १० ते १२ मिलीच्या सुमारास येतो, म्हणजे मुलींपेक्षा उशिरा. ६ मिलीला असलेल्या मुलाच्या आईवडिलांना 'उंची वाढायची आहे अजून' असं विश्वासाने सांगता येतं. मधल्या काळात निम्म्याच्या आसपास मुलांची छाती थोडी फुगते, कारण इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांचा तोल काही काळ बिघडलेला असतो. बहुतेकांची ती वर्ष-दोन वर्षांत ओसरते. मुलं यापायी पोहायला जाणं, कपडे बदलणं सोडतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवलं तर केवढा भार उतरतो.

आता मुद्द्यावर येऊ. आठ वर्षांचा मुलगा, जांघेत केस आले आहेत, उंची भरभर वाढते आहे. रक्त घेण्याआधी मोजा.

दोन्ही वृषणं २ मिली, म्हणजे लहानच. मग नलिकांना एफएसएच मिळालेलं नाही, पिट्यूटरी झोपलेली आहे. पुरुषी संप्रेरक दुसरीकडून येतंय. बहुधा मूत्रपिंडावरच्या ॲड्रीनल ग्रंथीतून, जन्मजात दोषामुळे किंवा क्वचित गाठीमुळे, नाहीतर बाहेरून: घरात कोणी अंगाला टेस्टोस्टेरॉनची जेल लावत असेल तर ती मुलाच्या त्वचेला लागू शकते. हा प्रश्न विचारायला विसरू नका. उंची वाढत नसेल, नुसते थोडे केसच असतील, तर ॲड्रीनलची नेहमीची जाग थोडी लवकर आलेली असू शकते, तरी तपासून घ्यावंच.

दोन्ही वृषणं ६ मिली असतील तर हुकूम वरून आला आहे. एलएच वाढलेलं सापडेल. मुलग्यांत याच्यामागे मेंदूतलं कारण असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त, म्हणून मेंदूचं एमआरआय टाळू नये.

आकार वयाच्या मानाने थोडाच वाढलेला, टेस्टोस्टेरॉन मोठ्या माणसाइतकं आणि एलएच जवळजवळ शून्य, असं असेल तर लायडिग पेशी कोणी न सांगता काम करताहेत. एलएचच्या ग्राहकात असा बिघाड असतो की तो कायम चालूच राहतो. एचसीजी सोडणारी गाठही असं चित्र देऊ शकते. आणि एकच वृषण मोठं, कडक असेल तर त्या वृषणात गाठ आहे का ते आधी बघा.

एकाच तक्रारीचे इतके रस्ते फुटले, आणि ते फोडले हाताने.

उशिराचंही असंच. चौदा वर्षं पूर्ण होऊनही ४ मिली गाठले नाहीत तर उशीर म्हणायचा. सर्वांत जास्त मुलांत हा नुसता कौटुंबिक उशीर असतो. वडील किंवा मामा उशिरा उंच झाले होते का ते विचारा, हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय पाहा. एलएच आणि एफएसएच दोन्ही कमी असेल तर वास येतो का हेही विचारा, कारण जीएनआरएचच्या पेशी गर्भात नाकाच्या भागातून मेंदूत जातात आणि तो प्रवास फसला की वास आणि वयात येणं दोन्ही अडतं. एलएच आणि एफएसएच चढलेलं असेल तर दोष वृषणातच. क्लाइनफेल्टर स्थितीत, म्हणजे एक्स गुणसूत्र जास्तीचं असताना, मुलगा वेळेवर वयात येतो, केस येतात, आवाज बदलतो, पण वृषणं लहान आणि टणक राहतात. मोजलं नाही तर कोणालाच काही कळत नाही, आणि मोठेपणी मूल होत नाही तेव्हा कळतं.

पायरी ७: हे करू नका, आणि इथे थांबू नका

वाढ खुंटली म्हणून किंवा दंड भरावेत म्हणून मुलाला टेस्टोस्टेरॉन देऊ नका, घेऊ देऊ नका. बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन मेंदूला सांगतं की पुरेसं आहे. एलएच आणि एफएसएच पडतं, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन आटतं, नलिका आकसतात. वाढणाऱ्या वयात हाडांची टोकंही लवकर बंद होतात आणि उंची कायमची कमी राहते. कौटुंबिक उशिरात डॉक्टर काही महिने अगदी कमी मात्रा देतात ती वेगळी गोष्ट आहे, ती मोजून आणि थांबवायच्या तारखेसह दिलेली असते.

पंधरा वर्षांचा मुलगा अचानक एका बाजूला जोराचं दुखतंय म्हणाला, उलटी झाली, वृषण वर सरकलेलं दिसलं, तर संप्रेरकांचा विचार बाजूला ठेवा. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि हा प्रकार वयात येण्याच्या काळात सर्वांत जास्त दिसतो. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता उत्तम. मुलगा लाजेने पोटात दुखतंय असंही म्हणेल, म्हणून स्पष्ट विचारा, आणि मध्यरात्र असली तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.